दादासाहेबांची अंधारखोली

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे जाऊन आलाच असाल. डबा खाल्ला असेल, बागेत फोटो काढले असतील. ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक. एवढं आपल्याला पाठ असतं, आणि स्पर्धा परीक्षेच्या एका मार्कासाठी ते पुरतंही.

पण दादासाहेब फाळके केमिस्ट होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? पदवीवाले नव्हेत. तराजूत पावडरी तोलणारे, अंधाऱ्या खोलीत मिनिटं मोजणारे, पाणी किती गरम आहे याची चिंता करणारे केमिस्ट. कॅमेऱ्याचं हँडल फिरवून झालं की सिनेमा फक्त अर्धा झालेला असायचा. उरलेला अर्धा रात्री टाकीत व्हायचा. त्या अर्ध्या भागाबद्दल आपण फारसं बोलत नाही, म्हणून आज तेच.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, आपल्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला गेलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून थोरल्या भावासोबत बडोदा, आणि बडोद्याला कलाभवन.

इथे जरा थांबा, कारण कलाभवनाचे प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, आणि ते पक्के रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर कुणी तरी डांबर ओतलं होतं. तो डाग कुणालाच निघेना, तो गज्जरांनी काढला. पुढे बडोद्यात ॲलेम्बिक कंपनी उभी राहिली, त्यामागेही हेच गज्जर. अशा माणसाच्या हाताखाली फाळके चित्रकलेसोबत फोटोग्राफी शिकले. १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा घेतला. गज्जरांनी त्यांना तीन रंगांचे ब्लॉक आणि डार्करूमचं काम शिकायला रतलामला पाठवलं, आणि परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. सिनेमा शोधणाऱ्या लुमिएर बंधूंचा पहिला जाहीर खेळ पॅरिसमध्ये झाला तो १८९५ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे सिनेमा जन्मायच्या आधीच फाळक्यांचे हात रसायनांनी डागाळलेले होते.

मधली काही वर्षं वाईट गेली. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेग आला, पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा, म्हणून गिऱ्हाईक येईना. मग नाटकांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग केले. जादूगार म्हणून नाव घेतलं ‘प्रोफेसर केल्फा’, म्हणजे फाळके उलटं! १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई फाळके झाल्या. हे नाव लक्षात ठेवा. पुरातत्त्व खात्यातली नोकरी, लोणावळ्यातला छापखाना, मग दादर, यंत्रं आणायला जर्मनीची वारी, शेवटी भागीदारांशी भांडण. छापखाना सुटला.

१९११ च्या ईस्टरला गिरगावच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. इथले राम-कृष्ण पडद्यावर का नकोत? ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असते, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटातही ती आहे. त्यानंतर रोज सिनेमे बघून आणि घरी प्रयोग करून त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसेनासंच झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला निघाले. तिथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहून घेतलं. विल्यमसन कॅमेरा, छपाईचं यंत्र, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोरी फिल्म मागवून १ एप्रिलला ते परतले.

आता पैसे कुठून आणायचे? सावकाराला काही तरी दाखवायला हवं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये कोंब मातीतून वर येतो, पानं फुटतात, वेल चढते. तुमच्या मोबाइलमध्ये टाइमलॅप्सचं बटण आहे ना, तेच. रोज एकच फ्रेम घेतली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते गणितात बसत नाही. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ फ्रेम. मिनिटाला ९६०. महिन्याच्या तीस दिवसांत वाटायच्या तर रोज ३२ हव्यात. रोज एकच घेतली असती तर महिन्याभराच्या खटाटोपातून दोन सेकंदांचा सिनेमा निघाला असता! असो. मुद्दा असा की वेग ही मोजायची आणि बदलायची गोष्ट आहे, हे या माणसाला कळलं होतं. महिन्याची ४३,२०० मिनिटं त्याने एका मिनिटात बसवली. कर्ज मिळालं. पुरलं नाही तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

आता दादरच्या त्या घरात शिरू. दिवसा उन्हात शूटिंग. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून साळुंके नावाचा तरुण साडी नेसून उभा. रोहिदास म्हणजे फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे. ऊन कमी पडलं की पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचं कामही त्यांचंच. आणि रात्री अंधारखोली.

तिथे नेमकं काय चालायचं हे समजून घ्यायला दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आठवा. अभिक्रियेचा दर कशाकशावर अवलंबून असतो, हा तीन मार्कांचा प्रश्न. संहती, तापमान, कणांचा आकार, वगैरे. घोकून लिहिला आणि विसरलो. फाळक्यांच्या घरात मात्र त्या तीन मार्कांवर विमा, दागिने आणि सहा महिन्यांची मेहनत टांगलेली होती.

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण. ज्या कणांवर उजेड पडला ते बदलतात, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची. डेव्हलपर क्षाराचं क्षपण करून चांदी मोकळी करतो, आणि ही बारीक चांदी काळी दिसते. आता गंमत ऐका. डेव्हलपर फक्त उजेड पडलेल्याच कणांवर काम करतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही, तो सगळ्यांवरच करतो. उजेड पडलेल्यांवर भराभर, न पडलेल्यांवर अगदी हळू. जास्त वेळ ठेवली तर सगळी फिल्म काळी. म्हणजे फोटो हा दोन वेगांमधला फरक असतो. पहिली अभिक्रिया झाली आहे आणि दुसरी नीट सुरू झालेली नाही, अशा वेळी फिल्म बाहेर काढली तर चित्र. लवकर काढली तर पुसट, उशिरा काढली तर गढूळ.

हे वेग ताब्यात ठेवायचे ते वजनाने. त्या काळच्या नेहमीच्या कृतीत मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही क्षपण करणारी रसायनं असत. हवेने डेव्हलपर खराब होऊ नये म्हणून सोडियम सल्फाइट. वेग वाढवायला धुण्याचा सोडा. आणि न उजळलेल्या कणांना आवर घालायला चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड. सोडा थोडा जास्त पडला की अभिक्रिया पळत सुटते, ब्रोमाइड जास्त झालं की रेंगाळते. इंग्रजी पुस्तकांत ही मापं ग्रेनमध्ये असत. १८० ग्रेन म्हणजे एक तोळा. सराफ बाजारात सोनं तोलायला जशी नाजूक तागडी लागते, तशीच इथेही. दागिने तोळ्यावर गेले आणि ब्रोमाइड ग्रेनवर आलं, असं म्हणायला हरकत नाही.

इथेच एक मोठा शोध सांगायला हवा. इंग्लंडमध्ये हुर्टर हा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि ड्रिफिल्ड हा इंजिनिअर, दोघे सोड्याच्या कारखान्यात कामाला आणि दोघांनाही फोटोंचा नाद. चांगला फोटो यावा हे नशिबावर का सोडायचं, म्हणून त्यांनी मोजमाप सुरू केलं आणि १८९० मध्ये निष्कर्ष छापले. फिल्मचा काळेपणा हा तिथे जमलेल्या चांदीच्या वजनाच्या प्रमाणात असतो. एखाद्या ठिकाणची चांदी उजेडाचा दहावा हिस्सा पलीकडे जाऊ देत असेल, तर दुप्पट चांदी शंभरावा हिस्सा जाऊ देईल. म्हणजे काळेपणा मोजला की चांदी न खरवडता तिचं वजन कळतं, आणि दर मिनिटाला तो किती वाढला हे पाहिलं की अभिक्रियेचा वेग कळतो. कितीतरी रासायनिक अभिक्रियांचे वेग आजही याच वाटेने मोजतात. रंग किती गडद झाला ते बघायचं, त्यावरून पदार्थ किती तयार झाला ते काढायचं, आणि वेळेने भागायचं. तुमच्या कॉलेजच्या लॅबमधला कलरीमीटर दुसरं काय करतो?

यंत्र नसेल तर? त्यावर आल्फ्रेड वॉटकिन्स नावाच्या इंग्रज फोटोग्राफरचा तोडगा तेव्हा प्रचारात होता, आणि मला तो फार आवडला. फिल्म बुडवल्यापासून चित्राची पहिली खूण दिसेपर्यंतचे सेकंद मोजा. त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणा. प्रत्येक डेव्हलपरचा आकडा वेगळा. समजा आकडा १२ आहे आणि २० सेकंदांत खूण दिसली, तर २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं. पाणी गरम असेल तर खूण लवकर दिसेल आणि एकूण वेळही आपोआप कमी होईल. अभिक्रिया स्वतःच स्वतःचा वेग सांगते, तुम्ही फक्त गुणाकार करायचा.

तापमान हा आपल्याकडचा खरा शत्रू. ही सगळी कृती साधारण १८ अंश सेल्सिअसच्या हिशोबाने लिहिलेली, विलायतेतल्या नळाच्या पाण्यासाठी. दहा अंश वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मुंबईच्या २८ अंशांच्या पाण्यात आठ मिनिटांचं काम चार मिनिटांत होणार. तेवढंच असतं तर घड्याळ बघून भागलं असतं. पण गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, आणि चित्रासकट सुटून येऊ शकतं. म्हणून गरम देशांतले लोक थर कडक करायला तुरटी किंवा तिची भावंडं वापरत, बर्फाच्या लाद्या आणत, रात्र गार होईपर्यंत वाट पाहत. विलायतेतून शिकून आलेल्या माणसाला इथे प्रत्येक आकडा नव्याने बसवावा लागणार होता. फाळक्यांचं खरं संशोधन मला यात दिसतं. पुराणातल्या गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. दादरच्या हवेत फिल्म कशी धुवायची हे कुठल्याच पोथीत नव्हतं.

फाळक्यांनी हे सगळं सरस्वतीबाईंना शिकवलं. रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, आणि त्याआधी कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडायची, कारण कोरी फिल्म भोकांशिवाय आलेली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. फुटाला १६ फ्रेम, म्हणजे ५९,२०० चित्रं. प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं धरली तर पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं. यंत्र असलं तरी ते चालवणारं माणूस लागतं, आणि ते दिवसभर स्वयंपाक करून आलेलं होतं. वर आणखी एक भानगड. डेव्हलपर वापरला की दमतो. पहिल्या दोनशे फुटांना लागलेला वेळ पुढच्या दोनशे फुटांना पुरत नाही, कारण द्रावणातलं कामाचं रसायन कमी झालेलं असतं. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या दोघांनी १८६४ मध्ये हाच नियम मांडला होता, की अभिक्रियेचा जोर हा द्रावणात शिल्लक असलेल्या पदार्थावर ठरतो. सरस्वतीबाईंच्या हाती ही नावं कधी आली असतील असं नाही. पण टाकी कधी दमली हे ज्याला कळत नाही, त्याची पहिली आणि शेवटची रीळ सारखी दिसत नाही. हरिश्चंद्र एका दृश्यात गोरा आणि पुढच्यात सावळा झाला असता!

सहा महिने आणि २७ दिवसांनी सिनेमा पुरा झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात तो लागला आणि चालला. पोस्टरवर सरस्वतीबाईंचं नाव नव्हतं. आजच्या सिनेमात शेवटी जी पाच मिनिटं नावं सरकतात, त्यात त्यांना किमान चार ओळी मिळाल्या असत्या. फिल्म प्रोसेसिंग, लॅब असिस्टंट, लाइट, केटरिंग.

त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. दुसरा सिनेमा ‘मोहिनी भस्मासुर’ इथेच झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली, तेव्हा भारतीय पडद्यावर पहिल्यांदा खऱ्या स्त्रिया दिसल्या. हवा बघून ते नाशिकला आले असं माझं म्हणणं नाही, घाट आणि देवळं हे कारण पुरेसं आहे. पण डिसेंबरच्या पहाटे आपल्या गोदाकाठी तोंडातून वाफ निघते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. एकाच गावात, एकाच कृतीला वर्षातून दोन वेगवेगळी घड्याळं लागणार.

१९१४ मध्ये ते आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी वाखाणलं ते मुख्यतः तांत्रिक काम. तिथेच राहून सिनेमे करायचं बोलावणंही आलं, पण ते परतले. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि पैशाची तंगी आली. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. मद्रासला त्याच्या तिकिटांची नाणी बैलगाडीत भरून, पोलिसांच्या पहाऱ्यात नेली अशी गोष्ट सांगतात. त्याच सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची एक छोटी फिल्म केली. आज आपण ज्याला बिहाइंड द सीन म्हणतो तेच. पडद्यामागचं काम लोकांना दाखवावंसं त्यांना वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढचं थोडक्यात. १९१८ मध्ये भांडवलदारांसोबत हिंदुस्थान फिल्म कंपनी, ‘श्रीकृष्ण जन्म’, मुलगी मंदाकिनी कृष्ण झालेली ‘कालियामर्दन’, मग भागीदारांशी खटके, रुसून काशीला जाणं, ‘रंगभूमी’ नावाचं नाटक, परत येणं. दोष काही एकाच बाजूचा नव्हता. हिशोब आणि माणसं सांभाळणं हे त्यांचं बलस्थान कधीच नव्हतं. मग बोलपट आले. आवाजही फिल्मच्या कडेला चांदीच्या काळेपणातच छापला जाऊ लागला आणि डेव्हलपिंग जरा चुकलं तर आवाज फाटू लागला. डोळ्यांनी अंदाज घेऊन फिल्म बाहेर काढायचे दिवस संपले, टाकीची जागा मोजून चालणाऱ्या यंत्रांनी घेतली. फाळक्यांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ केला, तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले.

‘राजा हरिश्चंद्र’चे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, पण सगळे नाहीत, पहिला आणि शेवटचा. तेही १९१३ चे नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेहून अधिक सिनेमे झाले, आज त्यातले मोजकेच उरलेत. काही जळाले, कारण ती फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. काही सडल्या. आणि कितीतरी भंगारात गेल्या, कारण जुन्या फिल्ममधून चांदी काढता येते. भंगारवाला ती किलोवर घ्यायचा.